दारूबंदीवाले काका आणि हॉप्सची वेल

"ताई, पंच म्हणून येता का जरा?"

कुंपणापलीकडून अशी हाक आली की मी लॅपटॉप तसाच ठेवून मागच्या अंगणात जायचे. लाकडी कुंपणाच्या वर आधी मुलाच्या कंपनीची निळी टोपी दिसायची, मग जाड भिंगांचा चष्मा आणि शेवटी पांढऱ्या मिशा. काका उलट्या बादलीवर चढून उभे असायचे. कधी पानाखालचा मावा दाखवायचा असे, कधी आमच्या बाजूला आलेला वेलीचा शेंडा परत त्यांच्या बाजूला घ्यायचा असे. काम केवढंही असो, साक्षीला कुणीतरी लागायचंच.

"पंचाशिवाय पंचनामा कोर्टात टिकत नाही," ते म्हणायचे.

इथं ओरेगनमध्ये, पोर्टलंडच्या पश्चिमेच्या आमच्या गल्लीत, कोर्टाचा काही संबंध नव्हता. पण काकांची सगळी नोकरी महाराष्ट्रात दारूबंदी खात्यात गेली होती. हातभट्ट्यांवर छापे घालायचे, माल जप्त करायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी जिभेवरून खातं उतरलं नव्हतं. घरात मिक्सर बंद पडला तरी ते "घटनास्थळी कोण होतं?" असं विचारत.

असे उन्हाळी पाहुणे तुमच्याही ओळखीचे असतील. नवे पांढरे बूट घालून सकाळ-संध्याकाळ कॉलनीला फेरी मारणारे, कचऱ्याचा ट्रक आला की थांबून त्याचा लोखंडी हात बघत राहणारे. बायको गेल्यावर काका साताऱ्याहून मुलाकडे येऊ लागले. वसंतात यायचे, पानगळ सुरू झाली की परत जायचे. मुलगा अमोल आणि सून श्वेता आमच्या शेजारच्या घरात राहत. अमोल चिप बनवणाऱ्या कंपनीत, श्वेता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये.

अमोलला घरी बिअर करायचा नाद होता. इकडे तो नाद पुष्कळांना असतो, आणि घरच्यापुरती केली तर कायद्याचीही हरकत नाही. कुंपणाशी त्यानं हॉप्सची वेल लावली होती. बिअरला कडवटपणा आणि वास येतो तो याच वेलीच्या फुलांनी. हिवाळ्यात ती पार जमिनीत जाते आणि एप्रिलमध्ये अशी उठते की सकाळी बघावी त्याहून संध्याकाळी उंच. दोरीवरून चढत चढत ती कुंपणाच्या वर गेली, आणि तिथून निम्मी आमच्या अंगणात उतरली.

काका पहिल्यांदा येणार होते त्याच्या आदल्या संध्याकाळी अमोल आमच्या दारात उभा. हातात मोठी झाकणाची बादली, मागे श्वेता, तिच्या हातात नळ्या, बाटल्या आणि एक भलंमोठं पातेलं.

"प्लीज, थोडे दिवस तुमच्या गराजमध्ये ठेवा. अण्णा दारूबंदीत होते," तो म्हणाला. "आय कान्ट एक्सप्लेन."

बादलीत बिअर आंबत होती. झाकणावरच्या छोट्या नळीतून अधूनमधून बुडबुडा यायचा. आम्ही ती गराजच्या कोपऱ्यात ठेवून वर जुनी चादर टाकली.

काका आले त्याच आठवड्यात आम्ही त्या तिघांना चहाला बोलावलं. आमच्या ड्राइव्हवेवरच ते थांबले. मान थोडी वर केली. नाकपुड्या फुलल्या.

"इथं रसायन आहे," ते म्हणाले.

आंबवायला ठेवलेल्या मालाला त्यांच्या खात्यात रसायन म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त अमोलच्या चेहऱ्याचा रंग गेलेला दिसला. काका सरळ गराजमध्ये गेले, चादर बाजूला केली, आणि वाकून बादलीला कान लावला. बुडुक. थोड्या वेळानं पुन्हा बुडुक.

"जिवंत आहे. कुणाचं?"

माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

"माझं, अण्णा," अमोल म्हणाला.

"परवाना?"

"इथं लागत नाही. घरच्यापुरतं अलाउड आहे."

काकांनी चादरीची घडी घातली. मग म्हणाले, "लागत नाही, तर लपवलंस कशाला? लपवलं की गुन्हा होतो."

आणि ती बादली त्यांनी स्वतः उचलली. "हलवू नका रे, गाळ वर येईल," असं बजावत, लग्नातला घडा न्यावा तशी दोन्ही हातांनी धरून घरी नेली. चहा गार झाला.

त्यानंतर काकांनी त्या उद्योगात लक्ष घातलं. स्वतः ते कधी थेंबभरही घेत नसत, नोकरीतही घेतली नव्हती. पण बार्ली गरम पाण्यात भिजत घालायची, गोड पाणी गाळायचं, उकळायचं, निववून त्यात यीस्ट सोडायचं, हे सगळं ते मागे हात बांधून बघत. एकदा मला म्हणाले, "जन्मभर अर्ध्यात जाऊन फोडत आलो, ताई. शेवटापर्यंत होताना कधी पाहिली नव्हती."

वेलीचं मात्र त्यांनी सगळं हातात घेतलं. त्यांच्या मामांचा पानमळा होता, त्यामुळे वेल वळवायची कशी हे त्यांना माहीत होतं. हॉप्सच्या वेलीला बारीक काटेरी लव असते, कोपरापर्यंत हात लाल होतात. काका खोबरेल लावून कामाला लागत. ऑगस्ट उतरायला लागला की रोज एक फूल तोडून कानाशी चोळायचे. फूल म्हणजे हिरव्या पाकळ्यांचं लहानसं बोंडच, आत पिवळी धूळ.

"कागद वाजला पाहिजे," ते म्हणत. "अजून कापड वाजतंय."

मग बोटं नाकाशी नेत. "आंब्याचा मोहोर, आणि थोडा अंगाचा साबण." आम्ही सगळे वास घ्यायचो. मला लिंबाच्या सालीचा यायचा. पण एकदा त्यांनी सांगितल्यावर मोहोरही यायला लागला.

कागद वाजला की काढणी. ताजी फुलं लगेच मलूल होतात, त्यामुळे काढायची त्याच दिवशी पातेल्यात पडली पाहिजेत. वेली दोरीसकट खाली घ्यायच्या, अंगणात चादरी अंथरायच्या आणि सगळ्यांनी मेथी निवडायला बसावं तसं बसायचं. श्वेता फोनवर गाणी लावायची. अमोल पातेल्याशी उभा, हातात थर्मामीटर. आम्ही टोपल्या भरून देत होतो आणि तो मुठीमुठीनं फुलं उकळत्या पाण्यात सोडत होता. सगळ्या गल्लीला वास.

अशा वेळी काका नोकरीतल्या गोष्टी सांगायचे. विहिरीत सोडलेली मडकी, गोठ्यात शेणाखाली पुरलेले डबे. आम्ही हसायचो. एकदा त्यांनी एका बाईची गोष्ट सांगितली. डोंगराच्या कुशीतलं खोपट, नवरा गेलेला, भट्टी तिचीच. छापा पडला तेव्हा ती पळाली नाही. तिनं तांब्याभर ताक आणलं.

"म्हणाली, साहेब, चढ चढून आलाय. आधी ताक प्या, मग फोडा."

"मग?" श्वेतानं विचारलं.

"प्यालो. मग फोडली. नोकरी होती." काकांनी पुढची वेल ओढून मांडीवर घेतली. थोड्या वेळानं म्हणाले, "ताक चांगलं होतं."

त्या वर्षीची बिअर तयार झाली तेव्हा अमोलनं एक ग्लास त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, फेस बसेपर्यंत थांबले, वास घेतला, आणि ग्लास माझ्या हातात दिला. "प्यायचं काम पंचांचं," म्हणाले. अमोल हसला. पण हसताना त्यानं ग्लासकडे पाहिलं, वडिलांकडे नाही.

दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या वर्षी काका येण्याच्या आधीच अमोलची नोकरी गेली. त्या वसंतात आमच्या गल्लीत बऱ्याच घरांत हे झालं. अमोल आधी हसण्यावारी नेत होता. "ब्रेक घेतोय यार," असं माझ्या नवऱ्याला म्हणाला. दिवसभर अर्ज करायचा, इंटरव्ह्यू द्यायचा. मग अर्ज कमी झाले आणि गराजमधल्या बादल्या वाढल्या. वेलीला अजून कळीसुद्धा नव्हती, हॉप्स विकतच्या पाकिटांतले येत होते.

काका आले आणि मला पहिल्यांदा जाणवलं ते एवढंच की निळी टोपी त्यांच्या डोक्यावर नाही. दुसरं हे की कुंपणापलीकडून हाक येत नाही.

एक दिवस सकाळी पुढच्या दाराची बेल वाजली. काका कधी पुढच्या दारानं येत नसत. खुर्चीच्या टोकाला बसले.

"ताई, अमोल दुपारपासून घेतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्ही बोललात त्याच्याशी?"

"बोललो. 'अण्णा, इट्स जस्ट बिअर,' म्हणाला. श्वेता बोलली, तिच्याशी भांडला. ती बिचारी शिफ्ट संपवून येते आणि स्वयंपाकघरात उभी राहते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी जन्मभर माल बघितला. तो कोण पितो, त्याच्या घरात काय होतं, ते बघायचं काम आमच्याकडे नव्हतं. आता घरात बसून बघतोय."

"त्याची ती सगळी बादली-पातेली काढून टाकली तर?"

"फोडायला मला वेळ लागत नाही," काका म्हणाले. "पण फोडून कुणाची सुटलेली मी पाहिली नाही. आज फोडावी, आठवड्यानं डोंगराच्या पलीकडच्या अंगाला धूर."

चहा न घेताच ते गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती दुपार आली. मी पत्रं घ्यायला बाहेर आले होते. शेजारच्या ड्राइव्हवेवर अमोलची गाडी उभी होती, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं, आणि सीटवर काका. दोन्ही हात मांडीवर, नजर समोर. अमोल दाराशी उभा.

"उतरा अण्णा."

"नाही."

"श्वेताची गाडी दुरुस्तीला आहे. शिफ्ट संपली तिची, ती वाट बघतेय."

"तू घेतलीयेस."

"दोन बिअर! आय ॲम फाइन."

"किती ते मी विचारलं नाही."

"अण्णा, ड्रामा नको. तुम्हाला इथं ड्राइव्ह करता येत नाही."

"मला बसता येतं," काका म्हणाले.

अमोलनं दारावर हात आपटला. मी तिथंच थांबले, जावं की राहावं कळेना. काकांनी मला पाहिलं. नेहमीचा मिस्कील सूर नव्हता, आवाज अगदी साधा होता. "ताई, तुम्ही श्वेताला घेऊन याल का?"

मी गाडी काढली. श्वेता हॉस्पिटलच्या दाराशी बॅग छातीशी धरून उभी होती. माझी गाडी बघून तिचा चेहरा उतरला.

"अमोलला काय झालं?"

"काही नाही. काका त्याच्या गाडीत बसलेत. उतरत नाहीयेत."

तिला लगेच समजलं. सिग्नल येईपर्यंत ती बाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "थँक गॉड," आणि तोंडावर रुमाल धरला.

आम्ही परत आलो तेव्हा गाडी तिथंच होती. काका ड्रायव्हरच्या सीटवर, आणि आता शेजारच्या सीटवर अमोल. काचा बंद. अमोलचं डोकं खाली होतं. श्वेता क्षणभर अंगणात उभी राहिली. मग तिनं मागचं दार उघडलं आणि तीही आत बसली. तिघं जण त्या उभ्या गाडीत, कुठं निघालेले नाहीत. मी घरात गेले आणि पडदा ओढून घेतला.

नंतर काकांनीच कधीतरी सांगितलं. "बोललो नाही फार. तो रडला. लहानपणी बदल्यांच्या वेळी त्याला एसटी लागायची. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसायचो, म्हणजे जरा बरं वाटायचं त्याला. तसाच ठेवला."

दुसऱ्या दिवशी गराज उघडं होतं. अमोल एकेक बाटली उघडून ओतत होता. काका जवळच उभे होते, मागे हात बांधून. एकाही बाटलीला त्यांनी हात लावला नाही. ओतून झाल्यावर मात्र रिकाम्या बाटल्या पाण्यानं खळखळून धुतल्या आणि उन्हात पालथ्या घातल्या. त्याच आठवड्यात अमोल डॉक्टरांकडे गेला, आणि मग दारू सोडणाऱ्यांच्या एका ग्रुपला जाऊ लागला. मधे एकदा तो घसरला. हे श्वेतानं मला सांगितलं, काकांनी नाही. त्या दिवशीसुद्धा काका त्याला काही बोलले नाहीत. संध्याकाळी ग्रुपच्या इमारतीपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

वेलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ऑगस्टअखेर ती दरवर्षीपेक्षा जास्त लगडली. आमच्या बाजूलाही फुलांचे घोस लोंबायला लागले. कुणी विषय काढत नव्हतं. शेवटी एका शनिवारी कुंपणावर चष्मा आणि मिशा दिसल्या.

"ताई, कागद वाजतोय," काका म्हणाले. "काय करायचं?"

मी काही म्हणायच्या आत मागून अमोलचा आवाज आला. "काढूया अण्णा. बिअर नाही करायची. आयडिया आहे माझ्याकडे."

चादरी अंथरल्या. आम्ही सगळे निवडायला बसलो. श्वेतानं गाणी लावली नव्हती. अमोलनं पाणी उकळून ठेवलं होतं, नुसतं पाणी. ना बार्ली, ना यीस्ट. ते थोडं निवल्यावर त्यानं ताजी फुलं त्यात घातली आणि झाकण ठेवलं. पाण्याला फिकट पिवळा रंग चढला. मग गाळलं, गार केलं, लिंबू पिळलं आणि सोडा मशीनमधून फसफसवून आणलं. ग्रुपमधल्या कुणीतरी त्याला हे सांगितलं होतं. हॉप्सचं पाणी. वास सगळा बिअरचा, पण दारूचा थेंब नाही.

त्यानं ग्लास भरले आणि पहिला वडिलांपुढे धरला. तो कसा उभा होता ते मला आठवतं. हात पुढे, आणि श्वास रोखलेला.

काकांनी ग्लास उजेडाकडे धरला. बुडबुडे बघितले. वास घेतला. मी हात पुढे करणारच होते, सवयीनं. पण त्यांनी ग्लास तोंडाला लावला.

"कडू आहे रे," ते म्हणाले. "काढ्यासारखं."

"नाही आवडलं तर ठेवा अण्णा."

"ठेवा काय?" काकांनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, आणि ग्लास पालथा करून दाखवला. मिशांना फेस लागला होता. "दे आणखी."

अमोल हसला. या वेळी तो त्यांच्याकडे बघून हसला. श्वेता उठून घरात गेली आणि जरा वेळानं डोळे धुऊन बाहेर आली. त्या दुपारी बापलेक कुंपणाशी उन्हात बसून ते कडू पाणी पीत होते आणि वेल पुढच्या वर्षी कुठल्या बाजूनं चढवायची यावर वाद घालत होते. माझा नवरा म्हणाला, एवढ्या वर्षांत या दोघांना एकत्र काही पिताना पहिल्यांदाच बघतोय.

पानगळ सुरू झाल्यावर काका साताऱ्याला परत गेले. अमोलला पुढे नोकरी लागली, पहिल्यापेक्षा लहान कंपनीत. काका दर रविवारी व्हिडिओ कॉलवर यायचे. कधी आम्हीही तिथं असलो तर आमचीही विचारपूस व्हायची. वसंतात त्यांचं तिकीट काढायचं होतं. थंडीतच, एका सकाळी आंघोळीला निघालेले असताना त्यांना हार्ट अटॅक आला. शेजाऱ्यांनी हॉस्पिटलला नेईपर्यंत ते गेले होते.

अमोल आणि श्वेता जाऊन आले. परतल्यावर आम्ही भेटायला गेलो. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. श्वेतानं चहा टाकला. अमोल खिडकीशी बसला होता.

"तिथं एक गोष्ट कळली," तो म्हणाला. "अण्णा मला सांगायचे की संध्याकाळी फिरायला जातो. फिरायला नव्हते जात. गावाबाहेर एक व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथं रोज जाऊन बसायचे. तिथली मुलं आली होती दहाव्याला. मी कुणालाच ओळखत नव्हतो."

"काय करायचे तिथं?" मी विचारलं.

"तेच विचारलं मी. ती मुलं म्हणाली, काही नाही, शेजारी बसायचे. भाषण नाही, उपदेश नाही. कुणी नवीन आला, कुणाचे हात थरथरत असले, की त्याच्याजवळ जाऊन बसायचे. घरी कोण कोण आहे, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, मुलगा आहे अमेरिकेत. बरा आहे तो."

"एवढंच?"

"एवढंच. बरा आहे तो."

श्वेतानं कप आणून ठेवले. अमोलनं कप घ्यायला हात पुढे केला. अंगात काकांचा राखाडी स्वेटर होता, आणि बाह्या त्याच्या मनगटाच्या बऱ्याच वर राहत होत्या.